गुरुजी, जरा थांबा!

लग्नाचा फोटोग्राफर व्हायला फार काही लागत नाही, ही आपल्याकडची मोठीच सोय. हप्त्यावर घेतलेला कॅमेरा, भरपूर खिशांचं जाकीट आणि फुकटात लग्न काढू देणारी एक मावसबहीण. झाला धंदा सुरू. उजेड, फोकस वगैरे पुढे लग्नागणिक जमत जातं.

पाठ करायचं ते एकच वाक्य : “गुरुजी, जरा थांबा!” परवा अंतरपाट दूर झाला, हार पडले, अक्षता उडाल्या आणि फ्लॅश काही पडला नाही. नवशिका पोरगा अजिबात गांगरला नाही. त्याने अंतरपाट पुन्हा धरायला लावला. करवलीने शालूवरच्या अक्षता वेचून वऱ्हाडाच्या हातात परत दिल्या. मामांनी दुसऱ्यांदा डोळे पुसले, पहिल्यापेक्षा सफाईने. खरं तर मुहूर्तही पंचांगावर का सोडावा? बॅटरी भरली की काढावा.

१९५५च्या हिंदू विवाह कायद्यातल्या कलम ७ प्रमाणे, सप्तपदीचं सातवं पाऊल पडलं की लग्न पक्कं होतं. या जोडप्याचं एका सकाळीच चार वेळा पक्कं झालं. मेमरी कार्ड उघडेना, म्हणून पाचव्यांदा येत्या रविवारी आहे. आहेर आणू नये, कपडे मात्र तेच घालावेत.