नानांचं भाकीत

"कळलं का गं? नाना पुन्हा बाजारात उतरलेत," काकू कंपाउंडच्या भिंतीवर कोपर टेकून म्हणाल्या. जेलरोडच्या आमच्या गल्लीत बातमी आधी काकूंकडे येते, मग पेपरात.

"भाजीबाजारात?"

"शेअरबाजारात! कुठलीशी कंपनी आहे म्हणे, ऑफिसांना इंटरनेटवरून चालणारे फोन देते. आता टेलिफोनची तार इतिहासजमा, असं सांगत सुटलेत सगळ्यांना."

"मग त्यात खोटं काय आहे?"

"काहीच नाही, तीच तर गंमत! नानांचं भाकीत दरवेळी खरं ठरतं आणि पैसे तेवढे जातात."

काकूंचे यजमान प्रेसमधून निवृत्त झालेले. शेअर दुसऱ्याच्या नावावर करताना फॉर्मवर चिकटवायचे स्टॅम्प छापायचे ते इथेच, नाशिकरोडला. पण काकांनी जन्मात एक शेअर घेतला नाही. त्यामुळे काकूंना या विषयावर बोलायला अगदी मोकळं रान.

"व्हीएसएनएल आठवते का तुला? तू लहान असशील. आपल्या पिंपळगावचा टोलनाका असतो ना, तसं होतं बघ. परदेशी फोन करायचा तर त्यांच्याच दारातून जायचं. अमेरिकेला मिनिटाला साठेक रुपये! बूथमध्ये मीटरकडे डोळे लावून बोलायचं, जेवलीस का, बरी आहेस ना, ठेवते. नाना म्हणाले, वहिनी, पोरं परदेशात चालली आहेत, फोन वाढतच जाणार. घेतले शेअर. फोन वाढले की नाही?"

"वाढले."

"आणि 1 एप्रिल 2002 ला सरकारने काय केलं? व्हीएसएनएलची मक्तेदारी ठरल्यापेक्षा दोन वर्षं आधीच संपवली आणि त्याच दिवशी इंटरनेटवरून बोलायलाही परवानगी देऊन टाकली. एप्रिल फूलच की! आदल्याच फेब्रुवारीत टाटांनी 202 रुपयांनी पंचवीस टक्के हिस्सा घेतला होता. त्याआधी शेअरमागे 75 रुपये लाभांश मिळाला, तेव्हा नानांनी सगळ्या गल्लीला पेढे वाटले. पुढे परदेशी फोनचे दर उतरले, भावही उतरला, मग पेढेबिढे काही नाहीत."

मी म्हटलं, "पण काकू, ती तर नंतर मोठी झाली. टाटा कम्युनिकेशन्स तीच ना?"

"झाली ना. पण ज्याच्यासाठी शेअर घेतले ते साठ रुपये मिनिट कुठे राहिलं? आणि जमिनीची गंमत ऐक. कंपनीकडे 773 एकर जादा जमीन होती, त्यातली 524 एकर पुण्याजवळ दिघीला. ती विक्रीत धरलीच नव्हती. तिची वेगळी कंपनी होऊन बाजारात यायला 2020 उजाडलं. म्हणजे घ्यायला गेले टेलिफोन आणि अठरा वर्षांनी हातात आला सातबारा!"

शेअरवाल्यांच्या हाती सातबारा येत नाही हे मला ठाऊक होतं, पण काकूंचा वेग असा की मध्ये बोलायची सोय नाही.

"आणि आमच्या एडिसनच्या लेकीकडे तो व्होनेजचा डबा होता. इंटरनेटच्या डब्याला जोडायचा आणि साध्या फोनवरून बोलायचं. ती कंपनी तिथलीच, न्यू जर्सीची. 2006 च्या मे महिन्यात शेअर काढले, 17 डॉलरला एक, आणि आपल्या गिऱ्हाइकांनाही देऊ केले. जावई म्हणाले, मला स्वस्तात फोन मिळतोय, तेवढं पुरे. पहिल्याच दिवशी भाव पंधराच्या खाली. काही गिऱ्हाइकं तर पैसे द्यायलाच तयार होईनात! पुढे व्हेरायझनने पेटंटवरून कोर्टात खेचलं, 2008 मध्ये भाव डॉलरच्याही खाली गेला. शेवटी 2022 मध्ये एरिक्सनने विकत घेतली, 21 डॉलरच्या भावाने. सोळा वर्षं धरून बसलेल्याला सतराचे एकवीस. आपल्या पोस्टातसुद्धा जास्त मिळाले असते गं."

"पण असं का होतं? तंत्र तर चांगलं आहे."

"चांगलं आहे म्हणूनच! आवाजाचे तुकडे करून इंटरनेटवरून धाडायचे. त्या तारेला काय कळतं, आवाज चाललाय की नातवाचा फोटो? मग मिनिटाचे पैसे मागणार कोण? एकाने मागितले तर दुसरा फुकट देतो. जिओ आलं 2016 ला, त्यावरचा प्रत्येक फोन इंटरनेटच्याच तंत्राने जातो. फायदा झाला तो बोलणाऱ्यांचा. मी आता लेकीशी तासभर वरणाच्या फोडणीवर बोलते."

तरी टीटीएमएलचं नाव मी काढलंच. मोबाइलची गिऱ्हाइकं एअरटेलला देऊन टाकल्यावर टाटांची ही कंपनी ऑफिसांचे फोन आणि इंटरनेट यांवर उरली. मार्च 2020 मध्ये दोनेक रुपयांचा तिचा शेअर 11 जानेवारी 2022 ला 290 ला टेकला. आमच्या गल्लीतली पोरं रोज सकाळी अप्पर सर्किट मोजायची.

"आणि त्याच दिवशी काय जाहीर झालं?" काकूंना तारीखसुद्धा पाठ. "सरकारी देण्याच्या व्याजापोटी सरकारला शेअर देणार म्हणून. मग रोज लोअर सर्किट. विकायला सगळे, घ्यायला कोणी नाही. महिन्याभरात तो बेतच रद्द. पण वर घेतलेल्यांचं काय?"

एवढ्यात नाना दुधाची पिशवी घेऊन आले. काकूंनी भिंतीवरूनच गाठलं.

"नाना, तुमच्या त्या कंपनीला ऑफिसवाले महिन्याला पैसे किती देतात हो?"

"वहिनी, बाजारपेठ केवढी मोठी आहे बघा—"

"ते विचारलंच नाही मी. उद्या दुसऱ्याने निम्म्या दरात फोन दिला तर?"

"घेतलेत थोडेच. शंभरच."

"शंभर शेअर की शंभर रुपयांचे?"

नाना गेटची कडी लावायला लागले.