एक कॅप्सूल, दोन जिलब्या

आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींना बारा वर्षांपासून मधुमेह आहे, पण त्याची काळजी मात्र आता उरलेली नाही. त्यांनी फ्लेव्होनॉइडची, म्हणजे फळाभाज्यांतल्या घटकांची, कॅप्सूल सुरू केली आहे. 26 जानेवारीला झेंडावंदन झालं, जिलब्यांची परात आली, तशी त्यांनी खिशातून कॅप्सूल काढून गिळली आणि फर्मावलं, "दोन वाढा. बारीक नसांचा बंदोबस्त झालाय."

बंदोबस्ताची गरज आहे, यात वादच नाही. वाढलेली साखर बारीक रक्तवाहिन्यांना गाठते: डोळ्याच्या पडद्यावरच्या, मूत्रपिंडातल्या आणि पायाच्या मज्जातंतूंना रक्त पुरवणाऱ्या. या वाहिन्यांचा स्वभाव गरीब. पडद्यावर गळती सुरू झाली तरी नजर बराच काळ साफ राहते. मूत्रपिंडही लवकर कुरकुरत नाही. पायाची तर कमालच: तो बधिर झाला की माणूस 'आता दुखत नाही' म्हणून खूश!

तक्रार न करणाऱ्या गिऱ्हाइकाला माल विकणं सगळ्यात सोपं. त्यात या मालाला खानदानही आहे. 1936 मध्ये शास्त्रज्ञ सेंट-ज्यॉर्जी यांनी लिंबू आणि मिरचीतल्या फ्लेव्होनॉइडना 'जीवनसत्त्व पी' म्हटलं; त्यांच्यामुळे केशवाहिन्यांची गळती कमी होते, असं त्यांना वाटलं. पुढच्याच वर्षी या गृहस्थांना नोबेल मिळालं, पण ते दुसऱ्या कामासाठी. 'जीवनसत्त्व' ही पदवी मात्र टिकली नाही. पद गेलं, दुकान राहिलं.

काही छोट्या चाचण्यांत फ्लेव्होनॉइडमुळे रक्तप्रवाह थोडा सुधारलेला दिसला, हे खरं. पण कॅप्सूलने मधुमेह्याचा डोळा किंवा मूत्रपिंड वाचतं, हे सिद्ध झालेलं नाही. शिवाय मधुमेह बरा करण्याची जाहिरात करायला 1954 च्या कायद्याने बंदी आहे. म्हणून बाटली काहीच बरं करत नाही. ती 'साथ देते', 'आधार देते', 'संतुलन राखते'. थोडक्यात, सरकारला बाहेरून पाठिंबा. सरकार पडलं तर जबाबदारी आपली नाही!

बरं, हाच माल घरात फुकट पडलेला असतो. नाशिकच्या कांद्यात क्वेर्सेटिन आहे, नागपुरी संत्र्याच्या सालीत आणि आतल्या पांढऱ्या रेषांत हेस्पेरिडिन आहे. त्या रेषा आपण नखाने खरवडून टाकतो आणि मग त्याच बाटलीत भरून विकत आणतो.

आता बारीक नसा वाचवणारं खरं काम पाहा. ते इतकं नीरस आहे की त्याची जाहिरात कोण करणार? 1998 मध्ये निकाल जाहीर झालेल्या ब्रिटनच्या यूकेपीडीएस अभ्यासात साखर कडक ताब्यात ठेवल्यावर बारीक रक्तवाहिन्यांची दुखणी 25 टक्क्यांनी घटली. रक्तदाब कडक ताब्यात ठेवला तेव्हा 37 टक्क्यांनी. म्हणजे रोजच्या गोळ्या, चालणं, तीन महिन्यांची शुगर, लघवीतल्या अल्ब्युमिनची तपासणी, तळपायाला नायलॉनचा दोरा टेकवून 'कळतंय का?' विचारणं आणि वर्षातून एकदा डोळ्यांत थेंब घालून पडदा तपासणं. यात ना संत्र्याचं चित्र, ना एकावर एक फ्री.

"साहेब, पडदा शेवटचा कधी तपासला?" मी विचारलं.

"छे हो! ते थेंब घातले की दोन-तीन तास अंधुक दिसतं म्हणे. एवढा वेळ आहे कुणाला?"

मी त्यांची बाटली हातात घेतली. अशा मालावर 'औषधी वापरासाठी नाही' असं छापणं सक्तीचं असतं. शोधून ती ओळ सापडली, तशी मी तिच्यावर बोट ठेवून बाटली त्यांच्यापुढे धरली. त्यांनी ती जवळ नेली, लांब धरली, चष्मा काढून पुसला आणि वैतागून म्हणाले, "हल्ली या कंपन्या छपाई फारच पुसट करतात बुवा!"