तिसरा दगड

महाडकराला मिरवायला काय कमी आहे? रायगड आहे, चवदार तळे आहे, गांधारपाल्याची लेणी आहेत. पण भाचा पुण्याहून सुट्टीला आला, तेव्हा मला भूशास्त्र मिरवायची बुद्धी झाली. ग्रहदशा, दुसरे काय!

नुकतेच वाचले होते, की दख्खनच्या लाव्हाचे थर भूशास्त्रज्ञांनी १९८०च्या दशकात रसायनावरून वेगळे केले आणि त्यांतल्या तीन लागोपाठच्या गटांना आमच्या शेजारची नावे दिली. खाली पोलादपूर, त्यावर आंबेनळी, त्यावर महाबळेश्वर. एसटीच्या पाट्या वाचल्यासारखेच! साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे दगड आणि नाव आपल्या शेजारच्या तालुक्याचे. ऊर भरून आला.

"पण मामा, पोलादपूर आणि आंबेनळी दोन्ही बेसॉल्टच ना? मग फरक काय?"

ग्रॅनाइट आणि बेसॉल्ट असते तर माझी अब्रू वाचली असती. ग्रॅनाइट जमिनीखाली सावकाश थंड होतो, म्हणून त्याचे कण डोळ्यांना दिसतात. सिलिका सत्तर टक्क्यांच्या आसपास. बेसॉल्ट वर येऊन झटपट गोठतो, कण बारीक, सिलिका पन्नासच्या आसपास. पण आमचे हे दोघे सख्खे भाऊ. पोलादपूरचा लाव्हा वर येताना जुन्या भूकवचाचा अंश पोटात घेऊन आला. वाटेत चार घरी चहा पिऊन आलेला पाहुणा. आंबेनळीचा त्या मानाने सरळ घरी आला. हा चहा कळतो तो स्ट्रॉन्शियम, बेरियम मोजून, प्रयोगशाळेत. हे पुढच्या पानावर होते. पान मी उलटले नव्हते.

"त्याला नजर लागते रे," मी म्हणालो. लागलीच.

वैशाखातली सकाळ, भाचा स्कूटरवर मागे. कापडे गावाच्या पुढे ओढ्यात एक दगड उचलला. त्यावर पांढरे ठिपके. "ही बघ भेसळ. पोलादपूर!" भाच्याने वहीत लिहून घेतले. ते ठिपके म्हणजे लाव्हातल्या बुडबुड्यांच्या पोकळ्यांत मागाहून पाण्याने आणून भरलेली खनिजे. भूकवचाच्या भेसळीशी त्यांचा काडीचा संबंध नाही. हे मला कळले पुढच्या आठवड्यात.

मग आंबेनळी घाटातल्या एका वळणावर, रस्त्याच्या कडेला, तो दिसला. काळाभोर, तुकतुकीत, एक छिद्र नाही. "अस्सल आंबेनळी! शुद्ध. लिही."

घरी ओटीवर वर्तमानपत्र पसरून दोघांना चिठ्ठ्यांसकट मांडले. आई म्हणाली, "घरात दगड कमी होते का?" तिने दगडांकडे पाहिलेसुद्धा नाही. माझ्याकडे पाहत होती.

दुपारी ओटीवर ऊन आले. महाडचे मे महिन्यातले ऊन. चारच्या सुमाराला भाच्याने आंबेनळी उचलला, तर अख्खे वर्तमानपत्र लोंबकळत वर आले आणि दगडावर त्याची चार बोटे उमटली.

"मामा," तो शांतपणे म्हणाला, "हा अजून थंड झालेला नाही."

डांबर. घाटातले खड्डे बुजवून उरलेला गोळा.

आईने रॉकेलच्या चिंधीने त्याचे हात पुसले. पोलादपूर तिने धुऊन कैरीच्या बरणीवर वजनाला ठेवला, अजून आहे. वही मात्र भाचा पुण्याला घेऊन गेला. दाजी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतात.