शिस्तीचे नाना

प्रत्येक मराठी कुटुंबात एक तरी शिस्तीचा माणूस असतो. तो शिस्तीत वागतोच असं नाही. शिस्तीवर बोलायचा मक्ता त्याच्याकडे असतो. आमच्याकडे तो नानांकडे आहे. नाना म्हणजे माझे थोरले काका, पाटबंधारे खात्यातून निवृत्त, मुक्काम कोथरूड. सोसायटीच्या फलकावरची निम्मी पत्रं त्यांची, आणि प्रत्येक पत्रात एक वाक्य ठरलेलं: 'जर्मनीत हे खपवून घेतलं असतं का?' जर्मनी त्यांनी पाहिलेली नव्हती, त्यामुळे हे लिहिताना हात जराही कापत नसे.

यंदा ते आणि काकू फ्रँकफुर्टला लेकीकडे आले आणि एका शनिवार-रविवारपुरते श्टुटगार्टला आमच्याकडे. (मुंबई आणि श्टुटगार्ट 1968 पासून भगिनी-शहरं आहेत. सख्ख्या बहिणींचेसुद्धा स्वभाव जुळत नाहीत, तेव्हा त्यावर अधिक बोलत नाही.)

शनिवारी सकाळी मी उठलो तो बाल्कनीतून कडाकडा आवाज. पाहतो तर नाना साठलेल्या रिकाम्या बाटल्या एकेक करून चपलेखाली चिरडतायत.

"अरे, वापरून झाल्यावर बाटली चेपून टाकायची असते. आपल्याकडे बाटलीवरच छापलेलं असतं. वाचतं कोण?"

आता इथली गंमत अशी की पाण्याच्या प्लास्टिक बाटलीवर 25 सेंट अनामत असते, 2003 पासून. बाटली दुकानातल्या यंत्राला द्यायची, ते तिला गरागरा फिरवून तिच्यावरचा पट्टा वाचतं आणि खात्री पटली तरच गिळतं. चेपलेल्या बाटल्या घेऊन आम्ही दुकानात गेलो. नानांची पहिली बाटली यंत्रानं आत ओढली, जरा विचार केला आणि बाहेर ढकलली. नानांनी ती उलटी करून दिली. पुन्हा बाहेर. दुसरी दिली, तीही बाहेर. तोवर मागे रांग लागली होती. जर्मन रांगेत कुणी 'ओ काका, आटपा' म्हणत नाही, नुसता नाकातून श्वास सोडतात, आणि तो ऐकण्यापेक्षा शिवी परवडली.

मग नानांनी जे केलं ते मी जन्मात विसरणार नाही. त्यांनी बाटली तोंडाला लावली आणि गाल फुगवून फुंकली. बाटली टण् करून सरळ झाली. यंत्रानं घेतली! मागे बीअरचा क्रेट धरून उभ्या असलेल्या गृहस्थाचा चेहरा हलला नाही, पण क्रेट त्यानं खाली ठेवला. नाना फुंकत होते, मी घालत होतो. निम्म्या तरी बाटल्यांना जीव आला. हातात पावती पडल्यावर नानांनी रुपयांत हिशेब केला आणि म्हणाले, "हिची एक झेरॉक्स काढून ठेवू."

दुपारी जेवायला बाहेर गेलो. शाकाहारी माणसाला या भागात केझश्पेट्झलं तारतं: शेवेपेक्षा जाड, वेड्यावाकड्या शेवया, वर वितळलेलं चीज आणि तळलेला कांदा. नानांना आवडलं, फक्त 'फोडणी हवी होती'. पाणी विकत आणि तेही फसफसणारं निघालं, हे त्यांनी सोसलं. पण बिलाच्या वेळी वेटरनं शांतपणे 'एकत्र की वेगवेगळं?' असं विचारलं, तेव्हा नाना हादरलेच. बापलेकांनासुद्धा विचारतात, असं मी सांगितल्यावर ते बराच वेळ गप्प होते. बिलासाठी झटापट करायला ते पाकीट काढून बसले होते आणि समोर कुणी पैलवानच नव्हता.

पण खरी मजा संध्याकाळी आली. श्टुटगार्टच्या या श्वाबियन मुलखात 'केअरवोखं' नावाची प्रथा आहे. इमारतीतल्या बिऱ्हाडांनी आठवड्याच्या पाळीनं जिना झाडायचा-पुसायचा. ज्याची पाळी त्याच्या दाराला पाटी लटकते आणि आठवडा संपला की ती शेजाऱ्याच्या दाराला जाते. या स्वच्छतेची मुळं 1492 सालच्या शहराच्या कायद्यापर्यंत नेतात. महापालिकेनं आपली सक्ती 1988 मध्ये उठवली, पण भाड्याच्या करारात आणि शेजारणींच्या डोळ्यांत ती शाबूत आहे. त्या आठवड्यात पाटी आमच्या दाराला होती.

दाराला पाटी! नाना पाटीपुढे उभे राहिले ते एखाद्या देवळात उभं राहावं तसे. मग म्हणाले, "झाडू कुठंय?"

काकू स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. "कुणाला हवाय?"

"मला."

काकूंनी काही न बोलता पदराला हात पुसले आणि खुर्ची ओढून दारात बसल्या. लग्न झाल्यापासून हा योग त्यांनी पाहिला नव्हता, आणि त्यासाठी विमानाचं तिकीट काढावं लागेल असं कुणी सांगितलं असतं तर त्या आधीच आल्या असत्या. नानांनी पँट घोट्यावर दुमडली आणि वरून सुरुवात केली. अर्ध्या जिन्यात आल्यावर त्यांना कळलं की बादली खालीच राहिली. मग ते ओल्या पायरीवरून खाली, त्याच पायरीवरून वर, आणि पुन्हा आपल्याच पावलांचे ठसे पुसत खाली. "कोपरे, कोपरे," काकू खुर्चीवरून म्हणत होत्या.

तळमजल्यावरच्या आजीबाईंचं दार किलकिलं झालं. त्या बाहेर आल्या, कठड्यावरून एक बोट फिरवलं, बोटाकडे पाहिलं, नानांकडे पाहिलं आणि काही न बोलता आत गेल्या.

"काय झालं? चुकलं का काही?" नाना घाबरले.

मी सांगितलं की श्वाबियन माणूस ओरडला नाही म्हणजे त्यानं कौतुक केलं असं धरायचं. नानांचा चेहरा उजळला. "हे मला एकदम पटलं. घरी मी आयुष्यभर हेच केलं."

"हो," काकू म्हणाल्या. "आणि आम्ही उगाच वाट बघत बसलो."

रविवारी नाना पुरते बाटले होते. इथे रविवारी दुकानं बंद, ड्रिल बंद, काचेच्या बाटल्या कुंडीत टाकणंही बंद. रविवारच्या विश्रांतीला थेट राज्यघटनेचं संरक्षण आहे. ते कलम 1919 च्या वायमार घटनेतून 1949 च्या घटनेत जसंच्या तसं घेतलं. हे ऐकल्यावर दुपारच्या झोपेकडे नाना घटनात्मक कर्तव्य म्हणूनच वळले. त्याआधी काकूंनी दाण्याच्या चटणीसाठी मिक्सरला हात लावला, तर यांनी प्लगच काढून खिशात टाकला... म्हणजे टाकायला बघितला. वायर आड आली.

फिरायला निघालो तेव्हा रस्त्यावर एकही गाडी नव्हती. पादचाऱ्यांचा दिवा लाल होता. मी सवयीनं पाऊल टाकलं तर नानांनी माझी कॉलर धरली. "पलीकडे लहान मूल आहे. काय शिकेल ते?" हे कोण म्हणत होतं? 'इथल्या इथे तर जायचंय' म्हणत कर्वे रस्त्यावर उलट्या बाजूनं स्कूटर घालणारे गृहस्थ!

संध्याकाळी त्यांना सोडायला स्टेशनवर गेलो. गाडी सव्वासहाची. नाना पावणेसहापासून फलाटावर, जिथे त्यांचा डबा येणार त्या अक्षराखाली, बॅग हातात धरून. सव्वासहा झाले. फलकावर आधी पंधरा मिनिटं उशीर आला, मग चाळीस. आता इथे राहणाऱ्याला यात नवल नाही. 2024 साली लांब पल्ल्याच्या जेमतेम 62 टक्के गाड्या वेळेवर आल्या, आणि सहा मिनिटांच्या आतला उशीर इथे उशीरच धरत नाहीत. हे मी नानांना सांगणार होतो, पण ते फलकाकडे बघत नव्हते. मनगट कानाला लावून ते घड्याळ ऐकत होते.

"माझंच पुढे गेलेलं दिसतंय," ते म्हणाले, आणि किल्ली ओढून त्यांनी काटा चाळीस मिनिटं मागे घेतला.

काकूंनी बाकावर डबा उघडला.