नाइन एच आणि उसाची ट्रॉली

वडगाव निंबाळकरात दारात नवी गाडी उभी राहिली, की पेढे संपायच्या आत वाद सुरू होतो: बारामतीला नेऊन सिरॅमिक कोटिंग करायचं, की अंगणातच बादली-फडकं? कोटिंगवाला 'नाइन एच'चा कडकपणा सांगतो. हे माप पेन्सिलीच्या शिशाचं. म्हणजे कडक पेन्सिलीनं रेघ उठायची नाही, एवढीच ती शाश्वती. आता नीरा-बारामती रस्त्यावर सोमेश्वर कारखान्याकडे निघालेली उसाची ट्रॉली काही पेन्सिल घेऊन घासायला येत नाही. थर काही मायक्रॉनचा, बिल हजारांत; पण पावती भाऊकीत दाखवता येते, हा फायदा कुणी हिशेबात धरत नाही.

घरचा मार्ग स्वस्त. तात्या भर उन्हात कपड्याची पावडर कालवतात, असलं-नसलं वॅक्स उतरवतात आणि उरल्या धुळीवर जुन्या बनियननं बॉनेट पुसतात. उन्हात मग त्यावर कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल ओरखडे चमकतात. खरं तर दोन बादल्या, गाडीचा शाम्पू, मायक्रोफायबर आणि झाडाची सावली एवढ्यावर भागतं. अडचण दुसऱ्या बादलीची आहे. ती म्हशीची.

शिवाय दसरा कुणाला चुकलाय? कोटिंग असो-नसो, बॉनेटवर ओल्या कुंकवाचं स्वस्तिक निघणारच. "हळदी-कुंकवाचा डाग वॉरंटीत बसतो का हो?" असं आबांनी दुकानात विचारलं, तेव्हा मालकानं आधी चहा सांगितला.