दुनळीवाले आबा

आबा बंदुकीची नक्षी बघतच नाहीत. नळ्या उतरवतात, पालथ्या करतात आणि भिंग लावून बुडाचे छाप वाचायला लागतात. समोरचा मात्र पणजोबांपासून सुरुवात करतो.

कोल्हापूर-साताऱ्याकडे जुन्या वाड्यात दुनळी असली की तिच्यामागे एक गोरा साहेब असतोच. पणजोबांच्या नेमबाजीवर खूश होऊन त्यानं ती बक्षीस दिलेली असते. आबांनी असे साहेब डझनानं निकालात काढलेत.

"आबा, १८९० साली याच बंदुकीनं पणजोबांनी वाघ मारला."

"मुकुटाखाली बी.पी. दिसतंय? बर्मिंगहॅमच्या प्रूफ हाऊसनं हा छाप १९०४ ला आणला. त्याआधी एकमेकांवर आडवे टाकलेले दोन राजदंड असत. ते कुठायत, दाखवा."

"मग वाघ?"

"दगडानं मारला असेल."

लंबगोलात ई.एल.जी. अक्षरं निघाली, तर आबा काहीच बोलत नाहीत, आत चहा सांगतात. ती बेल्जियममधल्या लिएज शहराची खूण. तिथल्या कारागिरांनी अशा बंदुका ढिगानं घडवल्या, आणि कित्येकींवर खपावं म्हणून इंग्रजी धाटणीचं नाव कोरलं. पाहुणा चहा संपेपर्यंत साहेबाबद्दलच बोलत राहतो.

मग किमतीचा विषय निघतो. आबा नळ्या बोटावर टांगून टिचकी मारतात. नाद घुमला तर मधल्या पट्टीचा डाख शाबूत. भद्द वाजलं तर सुटलाय. मूळ रंग, मूळ लाकूड, मूळ छाप, याचेच पैसे. एका शहाण्यानं भाव वाढावा म्हणून नळ्या भांडीवाल्याकडून बफ मारून आणल्या होत्या. छाप गुळगुळीत, आरशात बघून भांग पाडावा अशा नळ्या. आबांनी त्याला चहासुद्धा विचारला नाही.

शिवाय लंडनच्या लिलावातला आकडा इथं काय कामाचा? घेणाऱ्याकडं लायसन हवं, लायसनवर जागा हवी. २०१९ च्या दुरुस्तीनं माणशी तीनऐवजी दोनच शस्त्रं ठेवली, तेव्हा आबांकडं येणारा प्रत्येक जण तिसरी विकायला आलेला. घेईल असा जो कुणी वाटावा, तोही आपली तिसरी कुणाच्या गळ्यात मारावी या विवंचनेत.

खुद्द आबांनी बार काढलेला गावात कुणी ऐकलेला नाही. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं शिकार संपली. मोकळ्या माळावर फुसका बार काढायचा म्हटलं, तरी आबा नळीचा कोठा मोजायला बसतात. कोठा अडीच इंची, आजचं काडतूस पावणेतीन इंची. आत बसतं, पण फुटताना तोंड उलगडायला जागा नसते, दाब वाढतो. त्यामुळे उरलं फक्त तेलपाणी, त्यातलं पाणी वर्ज्य. तेलही थेंबभर, फडक्यानं फिरवून पुसून घ्यायचं. जास्त झालं तर मुरत दस्त्यात उतरतं आणि लाकूड कुजतं, म्हणून आबांच्या बंदुका तोंड खाली करून उभ्या.

"एवढं तेल माझ्या गुडघ्यांना लावलं असतं तर पंढरपूरला चालत गेले असते," काकू म्हणतात. खंडेनवमीला त्या हळदीकुंकू घेऊन आल्या की आबा कपाटाला पाठ लावून उभे राहतात. ओल्या बोटांनी गंज धरतो. तडजोड म्हणून पाटावर लायसनची वही ठेवली जाते. आबांच्या मते या घरात खरी किंमत तिलाच आहे.

निवडणूक लागली की बंदुका ठाण्यात जमा कराव्या लागतात. आबांचे ते दिवस वाईट.

"हवालदारसाहेब, तोंड खाली, दस्ता वर."

"माहितीये आबा. मागच्या खेपेला साहेबांनी विचारलं, ही उलटी का? म्हटलं, आबांची. म्हणाले, राहू दे."

"आणि कातडी खोळीत घालू नका. आत दमट धरतं."

"नाही घालत."

"पावसाळा असला तर आठवड्याला एकदा फडकं..."

"आबा, पावती फाडू का?"