गाढवाचा कान आणि तुमचा रेंजफाइंडर

श्री. जुने कॅमेरेवाले यांस,
स. न. वि. वि.

आपण गळ्यात मारलेला रेंजफाइंडर कॅमेरा मढीच्या यात्रेत यथासांग चालला आणि ३६ फोटोंचा अख्खा रोल गिळून मोकळा झाला. दुकानात मी दोनदा सांगितलं होतं, मला चेहरे टिपायचेत, अगदी जवळून. आपण दोन्ही वेळा मान डोलावलीत. वर म्हणालात, "साहेब, पोर्ट्रेटला याच्यासारखा कॅमेरा नाही. एसएलआर काय, पोरंसोरंही घेऊन फिरतात." हे वाक्य आपण किती गिऱ्हाइकांना ऐकवता ते विचारत नाही, धंद्याची गुपितं असतात.

मढी आपल्याला ठाऊक नसेल. पाथर्डी तालुक्यातलं कानिफनाथांचं ठाणं, भटक्यांची पंढरी. होळीपासून पाडव्यापर्यंत यात्रा, आणि रंगपंचमीच्या सुमारास गाढवांचा बाजार. अख्ख्या नगर जिल्ह्यात (आता अहिल्यानगर म्हणायचं) एवढे बोलके चेहरे एका जागी सापडायचे नाहीत. तिथे एका म्हाताऱ्या व्यापाऱ्याने फोटो काढू दिला. गुलाबी पटका, उजव्या कानात बाळी, आणि पांढऱ्या मिशीत रेवडीचा एक तीळ अडकलेला. मला तो तीळ हवा होता.

आपला कॅमेरा ८० सेंटिमीटरच्या आत यायला तयार नाही. सोवळ्यातला असावा. लेन्स ४५ मिमीची, तीही कायमची बसवलेली, म्हणजे बदलायची सोय नाही. एवढ्या अंतरावरून ती साधारण सव्वा फूट उंच आणि दोन फूट रुंद तुकडा पकडते. माणसाचा चेहरा नऊ इंचांचा. उरलेल्या जागेत मढीचा बाजार भरला. तीळ कुठे आहे, ते भिंग घेऊनही सापडत नाही.

पण हे काहीच नाही. मी बघतो कॅमेऱ्याच्या खिडकीतून, फिल्म बघते लेन्समधून, आणि खिडकी लेन्सच्या तीन-चार बोटं वर, बाजूला. गर्भगिरीचा डोंगर टिपताना या फरकाने कुणाचं बिघडत नाही. जवळच्या पटक्याचं बिघडतं. खिडकीत अख्खा दिसलेला पटका निगेटिव्हवर वरून कापला गेलाय. काठाजवळच्या दोन बारीक खुणांकडे बघून अंदाज बांधायचा, असं आपण नंतर फोनवर सांगितलंत. विकण्याआधी सांगितलं असतंत तर आपली जीभ झिजली असती का?

आता कानाचं ऐका. व्यापाऱ्याच्या मागे दहा फुटांवर एक गाढव उभं होतं. खिडकीतून ते त्याच्यापासून चांगलं सुटं दिसत होतं. लेन्सच्या जागेवरून तेच गाढव वीतभर सरकलं आणि बाळीच्या कानामागून दुसरा एक कान उगवला. मापाने पहिल्याइतकाच, फक्त केसाळ. फोटो द्यायचा शब्द मी त्या गृहस्थांना देऊन बसलोय. तो नेऊन देण्याचं काम आपण करावं, अशी नम्र विनंती.

"महागड्यात खिडकीतली चौकट आपोआप सरकते," हा आपला पुढचा युक्तिवाद. खरंय, १९५४ च्या लायका एम३ मध्येही सरकते. त्याने पटका वाचेल. कान वाचणार नाही, कारण चौकट सरकली तरी डोळा खिडकीलाच चिकटलेला असतो.

मग आपण ब्रेसाँचं नाव काढलंत. आँरी कार्तिए-ब्रेसाँने लायकावरच जग टिपलं, हे कबूल. पण ५० मिमीची लेन्स घेऊन तो चार पावलं मागे राहायचा, माणसाबरोबर त्याची खोली, त्याची खुर्ची घ्यायचा. मिशीतले तीळ त्याने मोजले नाहीत. ज्याला डोळ्यात डोळा घालायचा होता त्या स्टीव्ह मॅक्करीने १९८४ साली पेशावरजवळच्या निर्वासित छावणीत हिरव्या डोळ्यांची ती अफगाण मुलगी टिपली, तेव्हा त्याच्या हातात निकॉन एफएम२ हा एसएलआर होता आणि त्यावर १०५ मिमीची लेन्स. तशी लेन्स मीटरभर अंतरावरून चेहऱ्याने फ्रेम भरते, नाक फुगवत नाही. पूर्ण उघडली तर जेमतेम सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर भाग धारदार येतो. तेव्हा डोळा फोकसमध्ये आहे की भुवई, हे लेन्समधूनच बघावं लागतं, आणि एसएलआरचा आरसा तेच दाखवतो.

आपल्या पवित्र लायकाच्या लाइट्स कंपनीलाही हे कळत होतं. लांब लेन्स वापरता यावी, जवळचं टिपता यावं म्हणून तिने १९३५ सालीच आरशाची एक जोडपेटी काढली. पुढे तिचीच वंशज व्हिजोफ्लेक्स. ती लावली की रेंजफाइंडरचा एसएलआर होतो. त्या काळी आपण जर्मनीत दुकान टाकलं असतंत तर बिचाऱ्यांचा खर्च वाचला असता.

रेंजफाइंडर वाईट, असं मी म्हणत नाही. आरशाची खटखट नाही, फोटोच्या क्षणी अंधारी नाही, चौकटीबाहेरून कोण येतंय तेही दिसतं. त्याच रोलवर गडाच्या पायऱ्यांवरची गर्दी सुरेख आलीय. कमी उजेडातल्या कीर्तनाला हाच न्यावा. पण मी कीर्तनाला मागितला नव्हता.

रोल, धुलाई, स्कॅन मिळून हजाराच्या वर गेले. भरपाई मागत नाही. पुढचं गिऱ्हाईक आलं की एवढंच विचारा, काय टिपणार आणि किती जवळून?

कळावे. लोभ आहे तेवढा पुरे.

आपला,
एक गिऱ्हाईक

ता. क. (हा वाचकांसाठी) : जवळून चेहरे टिपायचे असतील तर साधा मॅन्युअल एसएलआर घ्या आणि ८५ ते १०५ मिमीची लेन्स. घेताना लेन्स उजेडासमोर धरून बुरशी बघा, मागचं झाकण उघडून काळा फोम चिकट झालाय का ते चाचपा. रेंजफाइंडरच हवा असेल तर माझा विकायचाय. किंमत बोलून ठरवू, पण चेहऱ्याजवळ नेणार नाही, असं लिहून द्यावं लागेल.